टाके पिकू नयेत म्हणून

माझी थोरली बहीण साठीला टेकली तरी पिशोरच्या लग्नांत कुणी ना कुणी तिच्या पोटाकडं बघून विचारायचंच, "कितवा महिना गं?" अक्का आधी हसून सोडून द्यायची. मग लग्नांना उशिरा जायला लागली, मग जेवणाआधी परतायला लागली, आणि शेवटी जाणंच सोडलं. गावात सगळ्यांत मोठ्यानं मंगलाष्टकं म्हणणारी बाई ती. तिच्यावाचून पिशोरात लग्नं व्हायला लागली, याचा मला त्या गोळ्यापेक्षा जास्त राग यायचा.

गोळा म्हणजे हर्निया. बऱ्याच वर्षांपूर्वी अक्काची गर्भपिशवी काढली होती. तेव्हा टाके पिकले. महिनोन् महिने पू येत राहिला. कधीतरी वरची कातडी भरून आली, पण आतली शिवण उसवली ती उसवलीच, आणि तिथून आतडं बाहेर डोकावायला लागलं. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, तरी ती दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. कंबरेला रुंद पट्टा, त्यावर लुगडं, वर पदर.

मी तेव्हा परभणीला नोकरीत होते. मला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पुढं मी शहरात बदलून आले, ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून निवृत्त झाले आणि मुकुंदवाडीत घर केलं. माझी जीभ कात्रीसारखी चालते, असं दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, चारचौघांत सांगतात. चालू दे. कात्री निदान उकळून घेतलेली तरी असते.

एके दिवशी तो गोळा आत जाईना. अक्का दुपारभर तळमळली, मग कसाबसा गेला. दाजी घाबरले आणि तिला घेऊन थेट माझ्याकडं आले. मी ओळखीच्या सर्जनकडं नेलं. तरुण माणूस, बोलायला शांत. त्यानं पोट तपासायला जेवढा वेळ घेतला त्याच्या तिप्पट वेळ भलतंच काहीबाही विचारण्यात घालवला. मागच्या वेळी पू किती दिवस होता? साखर कधी तपासली? दात किडलेत का? मिश्री लावता का? जेवता काय? दाजी मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पोट दाखवायला आलो, ह्यो दात बघायलाय."

मग सर्जननं खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, "आज ऑपरेशन केलं तर यांचे टाके नक्की पिकतील."

"तुमाला आत्ताच कसं कळलं?" दाजी म्हणाले.

"शुगर वाढलेली आहे. रोज मिश्री आहे. दातात पू आहे. अंगात ताकद नाही, आणि एकदा टाके पिकलेले आहेत. आणखी काय पाहिजे?" तो म्हणाला. "पोटाला आतून जाळी लावावी लागेल. पू जाळीपर्यंत गेला तर जाळी काढावी लागते. मग पोट आजच्यापेक्षा मोठं उघडं पडेल, आणि जीवावरही बेतू शकतं. आधी बाईंना तयार करू, मग ऑपरेशन."

अक्काचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र त्या माणसाचं तोंड गोड करावंसं वाटलं. आयुष्यभर मी एकच गोष्ट ऐकत आले होते. आपल्याकडं टाके पिकतात ते नशिबानं. कुणाची तरी नजर लागली, कुणाचं तरी देवाचं राहिलं. अहो, बहुतेक वेळा जखम पिकायच्या आधी चांगली दारावर थाप मारून येते. थाप ऐकणारं कुणी पाहिजे.

अक्का माझ्याकडं राहायला आली आणि आमचं युद्ध सुरू झालं. मिश्रीची डबी मी पहिल्याच दिवशी जप्त केली. दुसरी तांदळाच्या डब्यात सापडली. तिसरी देवघरात, बाळकृष्णाच्या मागं. "देवाच्या आडून तंबाखू?" मी म्हणाले. "मिश्रीबिगर माजं पोट साफ व्हत नाय, तुला काय कळतंय," ती म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दात काढायला नेलं तेव्हा बोलली, कारण हात धरायला कुणीतरी लागतंच.

सकाळी मी तिला मुकुंदवाडीच्या स्टेशनवर न्यायची. लहानसं स्टेशन, गाड्या मोजक्या थांबतात, फलाट मोकळा. त्या फलाटावर आम्ही दोघी म्हाताऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो. अक्का पोट धरून, मी औषधांच्या वेळा घोकत. भाजीचे भारे घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या बायका विचारायच्या, "कुठं जायचं मावशी?" अक्का सांगायची, "कुठं नाय बाई. ही मला उगंच हिंडवायली."

शुगर हळूहळू खाली आली. खरी लढाई वेगळ्याच ठिकाणी होती, ताटात.

अक्काची सासू नव्वदीच्या आसपास पोचलेली, पण काठी न घेता चालणारी बाई. सगळं गाव तिला वचकून. ती सुनेला बघायला आली, आणि अक्काच्या पुढ्यात घट्ट वरणाची वाटी बघून दारातच थांबली.

"शिस्टरबाई, मारतीस काय हिला? कापाकापी व्हायचीय आन् दाळ चारतीस? दाळीनं पू धरतो."

मराठवाड्यात हे घरोघरी मानतात. डाळीनं पू होतो, भातानं टाके ओले राहतात, दुधानं जखम फुगते, वांगं तर विचारूच नका. मागच्या वेळी याच सासूनं अक्काला महिनोन् महिने ज्वारीच्या कोरड्या भाकरीवर ठेवलं होतं. जखम भरायला शरीराला विटा-माती लागते, ती डाळी-दुधातून यायची, आणि हिनं नेमकी तीच बंद केली. अक्काची नुसती हाडं राहिली होती. मी परभणीहून आले तेव्हा ते बघून म्हातारीशी भांडले होते, आणि तेव्हापासून एक वाक्य माझ्या जिभेवर तयार बसलेलं होतं. तुम्हीच हिला उपाशी ठेवून हिचं पोट फाडलंत. आज ना उद्या मी ते बोलणार होते.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. तेव्हा सून डाळ खात नाही म्हणून म्हातारीनंही डाळ सोडली होती. सुनेबरोबर कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायची. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? दुष्ट सासू असती तर माझं काम सोपं झालं असतं.

"आत्याबाई, डॉक्टरांनीच सांगितलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरला काय, तो कापून मोकळा व्हतो. निस्तरावं आमाला लागतंय."

अक्का तिच्याकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग वाटीकडं. मी तिथंच बसून राहिले. तिनं वाटी संपवली, पण शेवटचा घास गिळताना डोळे मिटले.

सर्जननं तपासण्या बघून तारीख दिली. त्याआधी घरच्या देवाला नैवेद्य दाखवून यायचं म्हणून अक्का पिशोरला गेली. मी बजावून पाठवलं. मिश्री नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. ती परत आली ती फार खुशीत, सासूला सोबत घेऊन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. सर्जननं पोटावरचं लुगडं बाजूला केलं आणि त्याचा हात थांबला.

पोटावर, छातीपासून मांड्यांपर्यंत, बारीक बारीक लाल रेघा होत्या. काही ठिकाणी पुटकुळ्या.

"हे कुणी केलं?"

म्हातारी कोपऱ्यात बसली होती. ती अभिमानानं म्हणाली, "म्या केलं. माज्या हातानं. परक्या मानसांपुढं सुनेला लाज नको म्हनून वस्तरा लावून समदं साफ केलं. एक केस ऱ्हाऊ दिला नाय."

वस्तऱ्याची धार गेली की कातडी खरवडली जाते. डोळ्यांना दिसतही नाही अशा जखमा होतात, आणि त्या जखमांत जंतू घर करतात. थिएटरमध्ये गरज असेल तरच, तेही अगदी ऐनवेळी, मशीननं केस कापतात. हे सगळं मला पाठ. मी एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरची पेशंटं आत डोकावली. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर्जननं मला हातानं थांबवलं. म्हातारीसमोर वाकून तो म्हणाला, "आजी, स्वच्छता फार चांगली केलीत. फक्त वस्तऱ्यानं कातडीला दारं पडली. ती बंद झाल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. ऑपरेशन पुढं ढकलू."

दाजींनी शेतातली कामं सोडून दवाखान्यात थांबायला माणसं जमवली होती, सगळं ठरलं होतं. त्यांचा चेहरा पडला. घरी जाताना म्हातारी रिक्षात माझ्याशेजारी अंग चोरून बसली. माझा राग काही उतरला नव्हता, पण तिनं पदर तोंडाला लावलेला बघून मी रस्त्याकडं बघत बसले. या वेळी मी अक्काला माझ्या नजरेआड जाऊ दिलं नाही. कातडी नितळ झाली तेव्हाच नवी तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी थिएटरच्या दाराबाहेर बसले. आतलं सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. छेद देण्याआधीच इंजेक्शन द्यायचं. लोकांना वाटतं जंतूंचं औषध नंतर सुरू होतं. ते आधी रक्तात पोचलेलं असावं लागतं. मग अंग गार पडू नये म्हणून पांघरूण, मधूनमधून शुगर तपासणं. मी दोनदा दार ढकलून विचारलं, "इंजेक्शन दिलं का?" आतली सिस्टर म्हणाली, "दिलं हो मॅडम. आता बसा गपचूप." माझ्याच जातीची निघाली.

ऑपरेशन नीट झालं. जाळी बसली. आता पुढचे दिवस.

आमच्याकडं दवाखान्यातल्या माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर. कोण आलं नाही हे नातवंडांपर्यंत सांगितलं जातं. दुसऱ्याच दिवशी पिशोरहून जीप भरून माणसं आली, मागून दुसरी, देवगाव रंगारीची पाहुणेमंडळी वेगळीच. सगळे खोलीत शिरणार, पलंगावर बसणार, कुणी कपाळाला अंगारा लावणार, कुणी तोच अंगारा पट्टीवर टाकणार, आणि एखादी चुलती पदर सरकवून बघणारच, किती कापलंय ते. मी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आणि कुणालाही वर सोडलं नाही.

"आमी काय परके हाव का?" एक चुलतदीर तापले.

"परके असता तर आधीच घालवलं असतं," मी म्हणाले.

प्रकरण हातघाईवर यायला लागलं. तेवढ्यात अक्काची शेजारीण पुढं आली. पिशोरात तिचं बांगड्यांचं दुकान, दोघींच्या भिंतीला भिंत, सगळं गाव तिला खाला म्हणतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाजी, ऊपर कायकू भीड करना? उसकूच खिडकी में खडा करो. सब यहींच से देख लेंगे. देखे बगैर ये लोगां जाते नहीं."

चालायचं तर होतंच. डॉक्टरनंच सांगितलं होतं, पडून राहू नका. मी वर गेले, अक्काला हात देऊन उठवलं, खिडकीशी आणलं. पोटातून निघालेल्या नळीची बाटली एका हातात, दुसरा हात वर. खाली लिंबाच्या सावलीत पन्नासएक माणसं माना वर करून उभी. मग खाला खालून ओरडली, "दिखती तो नवरी जैसी!" आणि सगळे हसले. बायकांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी विचारपूस केली, अक्का वरून उत्तरं देत राहिली. गावाची भेट झाली, मान राहिला, आणि एक बोटसुद्धा पट्टीला लागलं नाही. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी तिचा असा दरबार भरायचा, आणि मी खाली चहाची व्यवस्था बघायची. दाजी म्हणायचे, "आमदाराला बी एवढी गर्दी नसती."

मग ताप आला.

सकाळी अंगाला हात लावला तर कढत. मी पट्टीकडं बघितलं, वरून काही कळेना. माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. आतली जाळी, आणि त्यावर पू, एवढंच डोळ्यांपुढं नाचायला लागलं. म्हातारी माझ्याच घरी मुक्कामाला होती. दाजींनी तिला सांगितलं, ती दवाखान्याच्या दारात आली आणि एवढंच म्हणाली, "दाळ."

दाजी माझ्याजवळ आले. "दोन दिस दाळ बंद करू, काय बिघडतं?" आत अक्कानं नाश्त्याची वाटी बाजूला सारली होती. "नगं. मागल्या वक्ती बी असंच सुरू झालतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी आधी कधी बघितली नव्हती. मला भांडताच आलं नाही.

सर्जन आला. त्यानं पट्टी सोडली. टाके कोरडे, कडा गुलाबी, कुठं सूज नाही, दाबलं तरी काही नाही. मग त्यानं पाठीला स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली आणि विचारलं, "ते तीन गोळ्यांचं यंत्र करताय ना?"

श्वासाचा व्यायाम म्हणून दिलेलं एक प्लास्टिकचं यंत्र असतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, मग आतल्या लहान चेंडूंसारख्या तीन गोळ्या वर जातात. "करतीय की, सारखी," अक्का म्हणाली, आणि करून दाखवलं. गाल फुगवून तिनं जोरात फुंकलं. जन्मभर चूल फुंकलेली बाई. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

सर्जन हसला. मी तर खुर्चीवर बसलेच. रोज दरबार भरवण्याच्या नादात मी तिला यंत्र वापरताना बघितलंच नव्हतं. छाती नीट फुगत नव्हती, म्हणून ताप. जखमेचा काही संबंध नव्हता. "अक्का, ओढायचं, फुंकायचं नाही. ऊस चोखतेस तसं," मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिन्ही गोळ्या वर. दुसऱ्या दिवशी ताप गेला. वाटी मी तिच्यापुढं ठेवली, तिनं काही न बोलता उचलली.

टाके काढायच्या दिवशी सर्जननं एकेक टाका काढला, आणि शेवटी कापसानं पुसून म्हणाला, "बघा." कापूस पांढराशुभ्र. मी आयुष्यात हजारो पट्ट्या बघितल्या असतील. तो पांढरा कापूस बघून मी त्या माणसाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातातला चिमटा पडला. सगळी गणितं अक्काच्या विरुद्ध होती, आणि आम्ही एकेक खोडून काढलं होतं. जिंकलो होतो. दाजींनी दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले. अक्कापुढं पेढ्याचा पुडा फिरला तेव्हा मी मधे हात घातला.

दुपारी मुकुंदवाडीच्या घरात आम्ही तिघीच होतो. अक्का पलंगावर आडवी झाली होती. म्हातारी तिच्याजवळ आली. "बघू," म्हणाली. अक्कानं पदर बाजूला केला. म्हातारीनं दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागं बांधून घेतले, न शिवण्यासाठी, आणि वाकून ती सरळ, कोरडी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पुष्कळ वेळ बघितली.

मग ती पलंगाच्या कडेला धरून खाली बसली. "दाळ खाऊन बी भरली," ती म्हणाली. आणि मग, "मंग तवा… तवा म्याच उपाशी ठिवलं व्हय हिला?"

इतकी वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य मला आता बोलायचीही गरज नव्हती. तिनं ते स्वतःच बोलून टाकलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "नाय वो आत्या. तवा मला शुगर व्हती. कोनालाच ठावं नव्हतं. त्यानं पिकलं समदं."

अक्काला शुगर गर्भपिशवीच्या त्या ऑपरेशननंतर कितीतरी वर्षांनी निघाली. तेव्हाच्या तपासण्या मी स्वतः बघितल्या होत्या. अक्कालाही ते पक्कं ठाऊक होतं.

म्हातारीनं तिच्याकडं बघितलंच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. सुनेवर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण सून तिला बरं वाटावं म्हणून बोलते आणि मी बोलत नाही, हे तिला माहीत होतं.

"शिस्टरबाई, खरं का?"

"खरं आहे आत्याबाई," मी म्हणाले. "शुगरच होती." जखमेच्या बाबतीत कुणाशी मी खोटं बोलले ती एवढी एकच वेळ, आणि तेव्हा माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.